फुटकं नशीब जपावं कसं

नशीब उजळवून देणारे गल्लोगल्ली बसलेत. पण फुटकं नशीब हीसुद्धा मिळकत आहे, हे कुणी सांगत नाही. तिच्यावर कर नाही, वाटणीसाठी भाऊबंद कोर्टात जात नाहीत, आणि एकदा ती नावावर लागली की कुठल्याच गोष्टीचा जाब द्यावा लागत नाही. मात्र निगा राखावी लागते.

पाया साडेसातीचा घाला. शनीला सूर्याभोवती एक फेरा मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून तो एका राशीत सुमारे अडीच वर्षं बसतो. साडेसाती मोजतात ती आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची मिळून. म्हणजे कुठल्याही दिवशी बारांतल्या तीन राशी तिच्यात असतातच. लोकलच्या बाकावर चौघं बसले तर सरासरीने एक जण शनीच्या ताब्यात. हा हिशोब कुणी मांडू लागला तर विषय बदला. तुमची साडेसाती संपली असेल तर अडीचकी आहे, तीही नसेल तर कालसर्प कुठे गेला नाही.

मग सव्वापाच रत्तीचा पुष्कराज सोन्यात मढवून गुरुवारी तर्जनीत घाला. बोटात खडा आला की हातपाय हलवायची घाई उरत नाही. ऐपत असेल तर गाडीला ०००१ घ्या. २०२४ च्या दरवाढीनंतर मुंबई-पुण्यात चारचाकीसाठी त्याचे ६ लाख पडतात. तेवढ्या पैशात आणखी एक छोटी गाडी येते खरी, पण तिचा नंबर साधा असेल.

म्हाडाच्या सोडतीकडे विशेष लक्ष द्या. मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीत २,०३० घरांसाठी लाखावर अर्ज होते, म्हणजे ढोबळमानाने पन्नासांत एकाला घर. एवढी संधीही गाफील माणसाला धोक्याची, तेव्हा बंदोबस्त आधीच करा. अधिवासाचा दाखला हाताशी ठेवू नका. जाहिरात निघाल्यावर सेतू केंद्राच्या रांगेत लागा. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि पॅनवर नुसतं आद्याक्षर असेल तर सुधारायच्या भानगडीत पडू नका. आधारला जोडलेलं जुनं सिम बंद होऊ द्या, म्हणजे ओटीपी येतच नाही. २०२३ पासून कागदपत्रं सोडतीआधीच तपासतात, त्यामुळे घर लागून मग अपात्र ठरण्याची जुनी लज्जत बरीच गेली. आता सोडतीतच नाव न जाण्यावर भागवावं लागतं. अनामत रक्कम शेवटच्या रात्री, सर्व्हर गुदमरलेला असताना भरायला बसा. अर्ज करायचाच तर जिथे सगळे तुटून पडतात त्याच योजनेत करा. आणि निकालाच्या दिवशी ‘सगळं सेटिंग असतं’ हे म्हणायला चुकू नका, अर्ज भरला नसला तरी.

नोकरीच्या बाबतीत रोजच्या चार मित्रांपलीकडे जाऊ नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं की ज्याच्याकडून कळलं तो किती वेळा भेटायचा. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे फक्त १७ टक्के निघाले. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित दिसणारे. १९७३ साली हे छापून आलं. कारणही सरळ आहे: रोजच्या मित्राला जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊकच असतं. म्हणून जुन्या ऑफिसातल्या माणसाचा दिवाळीचा मेसेज आला तर निळी खूण उमटू द्या आणि गप्प राहा. लग्नाला गेलात तर थेट पंगत गाठा, शेजारच्या पानावरच्याशी बोलू नका.

प्रयत्नांचा आकडाही आटोक्यात हवा. विसांत एकदा लागणारी गोष्ट तीनदा करून पाहिली तर निदान एकदा जमण्याची शक्यता १४ टक्केच असते. पण सुटे सुटे १४ प्रयत्न झाले की ती ५१ टक्क्यांवर जाते, आणि इथेच भल्याभल्यांचं फुटकं नशीब हातचं गेलं आहे. तीनवर थांबा. आकड्यांच्या खेळात मात्र उलट करा, तिथे थांबायचं नाही. १९१३ साली मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेच्या, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या जुगारी चक्रावर काळा रंग सलग २६ वेळा आला. ‘आता तरी लाल येणारच’ म्हणत लोक पैसे लावत गेले आणि धुऊन निघाले. चक्राला मागचं काही आठवत नाही, ही बारीकशी गोष्ट तुम्हीही आठवू नका.

मान खाली ठेवायची सवय लावा. रिचर्ड वाइजमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना वर्तमानपत्रातले फोटो मोजायला दिले. दुसऱ्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: मोजणं थांबवा, फोटो ४३ आहेत. स्वतःला कमनशिबी म्हणवणारे बहुतेक जण ती ओळ ओलांडून इमानेइतबारे मोजत राहिले. तुम्हीही मोजा, आणि एकदा मोजून समाधान नाही झालं तर परत पहिल्या पानापासून.

एवढं करूनही एखादी संधी दार ठोठावतेच. अनोळखी नंबर उचलू नका. मेलमधलं स्पॅमचं खातं उघडू नका, मुलाखतीची बोलावणी तिथेच जाऊन पडतात. चुकून वाचलंच तर ‘अमावास्या झाली की कळवतो’ असं उत्तर पाठवा.