जास्तीचे मणके

तैलरंग शिकायचे तर जुन्या उस्तादाच्या चित्राची नक्कल करावी, असं सगळेच सांगतात. मी फ्रेंच चित्रकार अँग्रची ‘ग्रांद ओदालिस्क’ निवडली. बाई आपल्याकडे पाठ करून पहुडलेली, म्हणजे बहुतेक अवघड मुलूख पलीकडे. राहिली पाठ. पाठीत चुकायला असतं काय?

चौकटी आखून आकृती उतरवली आणि पातळ बर्न्ट अंबरनं, म्हणजे गडद तपकिरी रंगानं, छायाप्रकाशाचा पहिला थर दिला. हा रंग लवकर वाळतो, त्यामुळे आपण चित्रकार झाल्याचा भासही लवकर होतो. मग कातडी. पांढरा, यलो ऑकर, किंचित लाल. छान जमली. शेजारी निळा पडदा रंगवला मात्र, बाईला कावीळ झाली. लाल वाढवला, तर ताप भरला. बरं, दुरुस्ती लगेच करता येत नाही. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेत घेत, सरकारी फाइलच्या वेगानं घट्ट होतो. तोवर बाई आजारीच.

त्यातून जवसाच्या तेलात माखलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, हे वाचल्यापासून त्या मी दोरीवर, धुतलेल्या कपड्यांशेजारी पसरतो. आता घरचेच आधी पेट घेतील अशी लक्षणं आहेत.

“पाठ फार लांब झालीये,” बायको म्हणाली.

याच क्षणाची मी वाट पाहत होतो. चित्र १८१४ चं. १८१९ मध्ये पॅरिसच्या ‘सालों’ या चित्रप्रदर्शनात लागलं, तेव्हा टीकाकारांनीही हेच म्हटलं होतं, की बाईला तीन मणके जास्त आहेत. २००४ मध्ये तर संशोधकांनी मोजमाप करून सांगितलं, तीन नव्हे, पाच! म्हणजे माझी पाठ चुकलेली नाही, बरोबर चुकलेली आहे.

हे फार सोयीचं निघालं. कोपर उलटं वळलंय? अँग्र. मान कुठून सुरू होते? अँग्रलाच विचारा. माणूस १८६७ मध्ये वारला, त्यामुळे तक्रार करत नाही.

बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चित्राजवळ जाऊन बाईच्या हातातला मोरपिसांचा पंखा निरखला.

“झाडू मात्र हुबेहूब आलाय हं.”