अक्कलदाढ आणि अठरा वर्षे
अक्कलदाढेच्या एक्स-रेवरून मुलगा १८ वर्षांचा झाला की नाही हे नक्की सांगता येते, हे एका लेखातील विधान जरा सैल वाटते. दातांचे संशोधक डेमिर्जियन यांनी १९७३ मध्ये मांडलेले दाताच्या वाढीचे ‘ए’ ते ‘एच’ हे आठ टप्पे मुळात खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या सात दातांसाठी होते. अक्कलदाढेला ते पुढे लावले गेले. ओपीजीमध्ये, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, दाढेच्या मुळाचे टोक नरसाळ्यासारखे उघडे आहे, की मिटून त्याभोवती सारख्या रुंदीची बारीक काळी रेघ उमटली आहे, यावर शेवटचे टप्पे ठरतात. मात्र हे टोक कोणाचे अठराच्या आधीच मिटते, कोणाचे विशी उलटल्यावर, आणि काहींच्या जबड्यात अक्कलदाढ मुळी नसतेच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नेही शाळेचा किंवा पालिका-पंचायतीचा जन्मदाखला नसेल तरच वैद्यकीय चाचणीकडे वळायला सांगितले आहे, ही बाब लेखात यायला हवी होती.