हॅमर मोड म्हणजे व्हायब्रेशन ड्रिलिंग नव्हे

मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत बोटींची फिटिंगची कामं करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: ‘स्टेनलेसला भोक पडत नाही? हॅमर मोड लावा. विमानवाले टायटॅनियमला असंच व्हायब्रेशन देतात. हळूहळू दाबा, कुलंटही (ड्रिल थंड ठेवणारं द्रवही) नको.’

‘विमानवाले असंच करतात.’ मुळीच नाही. तिथे ड्रिल अक्षाच्या दिशेने मोजून पुढे-मागे हलवतात. एका प्रकारात फेऱ्याला दीड किंवा अडीच हेलकावे, तेही मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. अल्ट्रासॉनिक प्रकारात सेकंदाला 20,000 च्या आसपास, पण काही मायक्रॉनचेच. धार क्षणभर धातूतून सुटते आणि चिपचे, म्हणजे कापताना निघणाऱ्या धातूच्या पट्टीचे, तुकडे पडतात. अखंड राहिलेली टायटॅनियमची चिप वर येताना विमानात टायटॅनियमला जोडलेला कार्बन फायबरचा थर खरवडते, म्हणून हा खटाटोप. त्यातही गणित चुकलं तर फुकट: दोन धारांच्या ड्रिलला फेऱ्यामागे नेमके दोन हेलकावे बसले, तर दोन्ही धारा एकाच लाटेवरून जातात आणि चिप तुटत नाही.

‘हॅमरने लवकर पडतं.’ जांभ्यात, काँक्रीटमध्ये पडतं; ते ठिसूळ. हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर उसळतात, एवढंच. 316 जातीचं स्टेनलेस फुटत नाही, ठोक्याने चेपून कडक होतं. धारेचे मात्र टवके उडतात; कार्बाइडचं (कडक पण ठिसूळ धारेचं) ड्रिल असेल तर टोकच जातं.

‘हळूहळू दाबा.’ सगळ्यात घातक सल्ला हा, कारण अर्धा खरा आहे. आरपीएम कमी हवेच, दाब नाही. 6 मिमीचं, 135 अंशांच्या टोकाचं कोबाल्ट ड्रिल पिलर मशिनवर (उभ्या स्टँडच्या ड्रिलवर) 500 च्या आसपास फिरवा, फेऱ्याला 0.08 मिमी फीड द्या, म्हणजे ड्रिल तेवढं पुढे सरकवा. 6 मिमीची पट्टी दहा-पंधरा सेकंदांत पार होते. मिनिटभर लागलं, तर ड्रिल कापत नाही, घासतंय. खालचा थर कडक झालाच म्हणून समजा. मग तेच ड्रिल रेटू नका. नवी धार घ्या, जमलं तर पट्टी उलटून दुसऱ्या बाजूने या. भोकाची खूण करणारा सेंटर पंचही हलकाच मारा, त्याच्या ठोक्यानेही धातू कडक होतो.

‘कुलंट नको.’ स्टेनलेस साध्या लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांशच उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ती धारेपाशीच साठते. कटिंग ऑइल किंवा पाण्यात मिसळणारं सोल्युबल ऑइल हवंच. जेटीवर हाताशी आहे म्हणून खारं पाणी मारू नका: मशीन गंजतं, आणि फटीत राहिलेलं मीठ 304 जातीच्या स्टेनलेसला खड्डे पाडतं.