हात धरणारा माणूस असताना रोबोट कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

जपानमधल्या ‘एआय सुटकेस’वरचा, म्हणजे अंध व्यक्तीला वाट दाखवत चालणाऱ्या रोबोट-बॅगेवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि इतकं मनापासून लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मॉलमधले, विमानतळावरचे रोबोट हा नुसता देखावा; त्यांच्यापायी गरजू पोरांच्या नोकऱ्या जातात; आणि अंध माणसाला मायेनं हात धरणारा माणूस हवा असतो, यंत्र नव्हे.

देखाव्याबद्दल बरंचसं मान्य. २०१८ साली एडिंबरोच्या एका सुपरमार्केटात ‘फॅबियो’ नावाचा रोबोट गिऱ्हाइकांच्या मदतीला ठेवला होता. बिअर कुठे मिळेल विचारलं, तर उत्तर आलं, ‘दारूच्या विभागात.’ तो विभाग शोधायचा कुणी? लवकरच त्याची गच्छंती झाली. पण त्याच्या दहा वर्षं आधी जर्मनीत, इल्मेनाऊच्या तांत्रिक विद्यापीठातल्या मंडळींनी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत ‘टूमास’ नावाचा रोबोट फिरवला होता. पडद्यावर वस्तू निवडली की तो पुढे चालायला लागायचा आणि त्या फळीपर्यंत नेऊन सोडायचा. माझ्या लेखी फरक इथेच आहे. वाट सांगणारे पुष्कळ असतात, सोबत येणारा लागतो.

आता हात धरण्याबद्दल. माझी थोरली बहीण अंध आहे. मागच्या दिवाळीत आम्ही दोघं एका मॉलमध्ये गेलो होतो. लिफ्टपाशी सुरक्षारक्षकानं पुढे येऊन ताईचं मनगट धरलं आणि मला विचारलं, ‘यांना कुठं जायचंय?’ ताई तिथेच उभी होती, तिचे कान शाबूत आहेत. माणूस भला होता, मदतच करत होता. पण अंध व्यक्तीला धरून ओढायचं नसतं, आपला कोपर पुढे करायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही काही वेगळा वागलो नाही. तिला बांगड्यांच्या दुकानात रेंगाळायचं होतं, मला पार्किंगची चिंता. घरी आल्यावर ती म्हणाली, ‘मला कुठेही उगाचच जाता येत नाही. कुणाला तरी कारण द्यावं लागतं.’

काका, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही-आम्ही विंडो शॉपिंग करतो, त्याला कारण लागत नाही.

एआय सुटकेसचं मूळ नेमकं इथे आहे. चिएको असाकावा अकरा वर्षांच्या असताना पोहण्याच्या तलावात डोळ्याला इजा झाली, चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पुढे त्या आयबीएममध्ये संशोधक झाल्या, आता टोकियोच्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयाच्या प्रमुख आहेत. एकट्यानं प्रवास करताना त्यांच्या लक्षात आलं की बॅग पुढे ढकलत चाललं तर भिंतीला आधी ती आपटते, आपण नाही. मग त्या बॅगेलाच मोटार, कॅमेरा आणि लेसरनं अंतर मोजणारं यंत्र बसवलं तर? हँडल धरलं की ती चालते, सोडलं की जागच्या जागी थांबते. आजूबाजूला काय आहे ते फोनवरून सांगते. दिसायला साधी प्रवासी बॅग, त्यामुळे कुणी वळून बघत नाही.

ती पायऱ्या चढत नाही, आणि आपल्या फुटपाथवर दहा पावलंही चालणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण मेट्रो स्टेशन, विमानतळ, मोठी रुग्णालयं इथे जमीन गुळगुळीत असते. आपल्या मेट्रो स्टेशनांवर उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या बघितल्या असतील. सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ साली जपानमधल्या ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. ती फरशी पावलांना सरळ दिशा देते, पण डावीकडे बांगड्यांचं दुकान आहे हे सांगत नाही.

नोकऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. त्या रक्षकाला काढून तिथे यंत्र उभं करावं, असं मी कधीच म्हणणार नाही. उलट त्याला कोपर पुढे करायला शिकवा, हे मी आधी म्हणेन. पण टोकियोत निहोनबाशी भागात २०२१ पासून एक कॅफे चालतो, तो तुमच्या कानावर घालतो. ‘डॉन’ त्याचं नाव. तिथले रोबोट टेबलापाशी ऑर्डर घेतात, गप्पा मारतात, आणि त्यांच्यामागे असतो घरी बसलेला जिवंत माणूस. कुणाला अंथरुणातून उठता येत नाही, कुणी केवळ डोळ्यांच्या हालचालीनं रोबोट चालवतो. त्यांना त्याचा पगार मिळतो. ज्यांना कामाच्या जागी पोचणंच अशक्य होतं, त्यांच्यापर्यंत इथे काम पोचलं.

तुमची प्रतिक्रिया ताईनं स्वतः फोनवर ऐकली, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून, दोनदा. ‘मला काकांचा राग आलेला नाही म्हणून कळव,’ असा निरोप आहे. आणि त्या बॅगेबद्दल तिची एकच सूचना : बोलू दे, पण मराठीत आणि हळू, एकाच कानात. दुसरा कान तिला माणसांच्या पावलांसाठी मोकळा हवा.