रिपोर्ट हिरवा करण्याचे घरगुती उपाय

सर्वप्रथम अभिनंदन. महापे एमआयडीसीतल्या त्या काचेच्या इमारतीत, पँट्रीशेजारच्या खोलीत रॅकवर मांडलेले २४ अँड्रॉइड फोन आणि त्यांच्यावर रात्रभर सॉफ्टवेअरच्या टेस्ट पळवून सकाळी निकाल लावणारं टूल आता तुमच्या गळ्यात पडलं आहे. ज्या तिघांनी ते लिहिलं, त्यांतला एक बंगळुरूला गेला, एक कॅनडाला, आणि तिसऱ्याने शहाणपणाने प्रोजेक्ट बदलून घेतला. तो कँटीनमध्ये रोज भेटेल आणि तुमच्याकडे बघून हसेल. मनावर घेऊ नका.

काम तसं सोपं आहे. टूल रोज सकाळी नऊला एक मेल टाकतं. मेल हिरवा असला, म्हणजे सगळ्या टेस्ट पास, तर तुम्ही जिवंत आहात की नाही याची कुणी चौकशी करत नाही. लाल असला तर ठाण्याच्या दहा नंबरवर वाशी गाडीत शिरता शिरताच साहेबांचा फोन येतो. तेव्हा दुरुस्त काय करायचं हे उघड आहे. फोन नाही, टूल तर नाहीच नाही. मेल.

नवशिके इथेच फसतात. टेस्ट पडली की लॉग, म्हणजे टूलने काय काय केलं त्याची नोंदवही, उघडून बसतात, जणू काही त्यात कुणी आपल्यासाठी पत्र लिहून ठेवलंय. पडलेली टेस्ट वाचायची नसते, पुन्हा चालवायची असते. कॉन्फिगमध्ये, म्हणजे टूलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, किती वेळा प्रयत्न करायचा याची एक ओळ आहे. तिथे १ असेल, तो ५ करा. समजा, कॅमेऱ्याचं अ‍ॅप दोनदा उघडलं की त्यातलं एकदा कोसळतं. एकदाच चालवलंत तर पास व्हायची शक्यता ५० टक्के. पण ‘पाचांत एकदा तरी पास झालं की पास’ असा नियम केलात, तर पाचही वेळा कोसळायची शक्यता उरते ३२ मध्ये १. म्हणजे जवळजवळ ९७ टक्के यश, तेही अ‍ॅपच्या कोडला बोट न लावता! बीपी नॉर्मल येईपर्यंत पुन्हा पुन्हा पट्टा बांधून घेणारे काका आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांनी हे शास्त्र केव्हाच सिद्ध केलंय.

दुसरा रामबाण म्हणजे झोप. फोन रीस्टार्ट केला की टूल घाई करतं आणि तोंडावर पडतं. याचं कारण ठाऊक असून काही उपयोग नाही, तरी सांगतो. एडीबी, म्हणजे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला हुकूम सोडणारा प्रोग्रॅम, त्याची ‘वेट फॉर डिव्हाइस’ ही कमांड फोन केबलवर दिसायला लागला की लगेच ‘आला, आला’ म्हणते. पण तेव्हा तो नुसता अंथरुणात उठून बसलेला असतो, तोंडसुद्धा धुतलेलं नसतं. अँड्रॉइड नीट उठलं की एका ठरलेल्या प्रॉपर्टीत १ लिहितं. तो दिसेपर्यंत विचारत राहायचं आणि मगच टेस्ट सोडायची, असं जाणकार म्हणतात. जाणकारांना वेळ असतो. तुम्ही कोडमध्ये ‘स्लीप ३०’ लिहा. पावसाळ्यात एखादा जुना फोन तेवढ्यातही उठला नाही, तर ६० करा. ४०० टेस्टना प्रत्येकी ६० सेकंद म्हणजे ४०० मिनिटं, पावणेसात तासांना थोडे कमी, टूल नुसतं घोरत पडणार. कंपनीत एवढी सलग झोप दुसऱ्या कुणाच्या नशिबात नाही.

मग एक भुताटकीचा बग येईल. संध्याकाळी लावलेलं रन छान पार पडतं आणि मध्यरात्रीनंतर लावलेलं ‘रिपोर्ट सापडला नाही’ म्हणून मरतं. खोलीत काही नाही, नारळबिरळ फोडायला जाऊ नका. रिपोर्टच्या फाइलला नाव देणारा कोड यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, तारीख लावतो आणि फाइल शोधणारा कोड आपली. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीवर कालचाच दिवस चालू असतो. दोन्हीकडे एकच घड्याळ वापरायचं, एका ओळीचं काम. पण ती ओळ बदललीत की रिव्ह्यू, म्हणजे इतरांकडून कोडची तपासणी, आला, रिव्ह्यू आला की ‘हे चार वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही’ हा प्रश्न आला, आणि ज्यांच्या लक्षात आलं नाही त्यांतले एक आता तुमचे साहेब आहेत. रन सकाळी सहाला लावा. बगच्या तिकिटावर ‘इन्फ्रा इश्यू’ (दोष यंत्रणेचा, कोडचा नाही) लिहा. हे दोन शब्द वाचून पुढे प्रश्न विचारणारा माणूस मला ठाणे-बेलापूर रोडवर अजून भेटायचाय.

अँड्रॉइडची आवृत्ती टूल अक्षरं समजून ताडून बघतं, त्यामुळे त्याच्या हिशेबात १० हे ९ च्या आधी येतं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं तेव्हा कुणीतरी त्याच्यासाठी एक ‘इफ’, म्हणजे खास अट, लिहून ठेवलाय. तुम्ही दरवर्षी एक वाढवत जा. तेवढीच नोकरीची शाश्वती.

आता बेंचमार्क, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या टेस्ट. इथे खरी कला लागते, कारण इथे पास-नापास नसतं, आकडा असतो, आणि तो आकडा साहेब स्लाइडवर लावतात. फोन तापला की स्वतःला वाचवायला चिपचा वेग उतरवतो. त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी, एसी बंद पडलेल्या खोलीत, सलग दहाव्यांदा पळवलेला फोन पहिल्यापेक्षा मंद निघतो. यात फोनची चूक नाही. तुम्हीही घणसोली स्टेशनवरून भर दुपारी चालत आलात तर वेगळं काही होणार नाही. प्रत्येक रनआधी फोन निवू द्यावा, तापमान आकड्याशेजारी नोंदवावं, अनेक रनमधला मधला आकडा घ्यावा, ही पुस्तकी रीत. घरगुती रीत अशी की, फोन पँट्रीच्या फ्रिजमध्ये ताकाच्या पाकिटांवर दहा मिनिटं ठेवावा, पंधरा रन घ्यावेत आणि सगळ्यांत मोठा आकडा ‘प्रातिनिधिक’ म्हणून पाठवावा.

लाज वाटत असेल तर थोरांची आठवण काढा. २०१३ मध्ये आनंदटेक या संकेतस्थळाने दाखवून दिलं की सॅमसंग गॅलेक्सी एस ४ च्या एक्सिनॉस चिपवाल्या मॉडेलमधली ग्राफिक्स चिप ठरावीक बेंचमार्क अ‍ॅप उघडली की ५३२ मेगाहर्ट्झवर धावते आणि एरवी गेम खेळताना ४८० वर थांबते. २०१८ मध्ये हुआवेचे काही फोन थ्रीडीमार्क या बेंचमार्कच्या यादीतून काढले गेले. तीच टेस्ट फोनला अनोळखी असलेल्या खाजगी अ‍ॅपमधून चालवली, तर गुण घसरत होते. आणि फोक्सवॅगनचं सॉफ्टवेअर तर स्टीअरिंग कसं फिरतंय यासारख्या खुणांवरून गाडी धुराच्या तपासणीला उभी आहे हे ओळखायचं; २०१५ मध्ये अमेरिकेत पकडलं गेलं. मास्तर दारात दिसले की पुस्तक उघडणारी ही पोरं. त्यांना पकडायला निदान बाहेरचा मास्तर लागला. तुमच्याकडे मास्तरही तुम्हीच आणि पोरगंही तुम्हीच, मग भीती कुणाची?

एक वाक्य मात्र सरळ वाचा, यात उपरोध नाही: चोवीस तास चार्जिंगवर राहून एखाद्या फोनची पाठ उचलली गेलेली दिसली, तर त्याला रबर बँड लावून परत रॅकवर ठेवू नका. बॅटरी फुगली आहे, तो फोन तिथून काढा. आमच्याकडे रबर बँड लावलेले तीन होते.

एवढं सगळं करूनही मेल शंभर टक्के हिरवा होत नाही, ९८ वर अडतो. तो उरलेला मुक्काम आम्ही गेल्या गणपतीत गाठला, तोही अपघाताने. ऑफिसच्या बाप्पाच्या माळेसाठी बोर्डावर जागा नव्हती, म्हणून इलेक्ट्रिशियनने आमच्या यूएसबी हबचा, म्हणजे सगळे फोन ज्याला जोडलेत त्या डब्याचा, प्लग काढून तिथे माळ लावली. टूलला एकही फोन दिसेना. फोन नाही म्हणून टेस्ट नाही, टेस्ट नाही म्हणून कुणी नापास नाही. ‘सगळे पास आहेत का?’ असं रिकाम्या यादीबद्दल विचारलं की टूलची भाषा, पायथॉन, ‘हो’ म्हणते. पाच दिवस सकाळी नऊला मेल आला: शून्य नापास, १०० टक्के. चौथ्या दिवशी साहेबांनी तो पुण्याच्या ऑफिसला ‘यांच्याकडून शिका’ असं लिहून पुढे पाठवला.

विसर्जनानंतर माळ निघाली, प्लग परत लागला आणि दुसऱ्या दिवशी ४१ टेस्ट लाल. दहा नंबरवर असतानाच फोन आला. ‘काल काय बदललंस रे?’ म्हटलं, सर, काहीच नाही, फक्त हब चालू झाला. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, ‘ते आधी रोलबॅक कर, होतं तसं कर.’

तिकीट माझ्या नावावर आहे, प्रायॉरिटी हाय. नुसता प्लग काढायचा की माळही लावायची, एवढं मात्र त्यात लिहिलेलं नाही.