बालवाडीची कात्री

काल कुडाळच्या बाजारात एका दुकानदाराने माझ्या हातात बालवाडीची कात्री ठेवली. पिवळी प्लास्टिकची मूठ, बोथट टोकं, मुठीवर हसरं अस्वल. ‘ही घ्या काकी, हलकी आहे,’ म्हणाला. त्याचेही कल्ले पिकलेले होते, हे इथे नोंदवून ठेवते.

कारण एवढंच, की त्याने आधी काढलेली दहा नंबरची टेलर कात्री मला उजव्या हाताने नीट उचलता आली नाही. खांदा गणपतीपासून धरलाय. फ्रोझन शोल्डर. हा चाळिशी ते साठीच्या बायकांना जास्त होतो आणि मधुमेह असणाऱ्यांनाही जास्त होतो, म्हणजे मी दोन्ही याद्यांत आहे. शिवाय अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. आणि अशात भाचीला लग्नात गोधडी हवी आहे.

आईची गोधडी सोपी होती. जुनी लुगडी एकावर एक घालायची आणि कडेकडेने धावदोरा मारत मधे शिरायचं. कात्री लागलीच तर दोरा तोडायला, तोही आई दाताने तोडायची. भाची पुण्यात राहते, तिला चौकोन जोडलेली ‘क्विल्ट’ पाहिजे. पाच इंची चौकोन कापला की शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव इंच जाऊन साडेचार उरतो. ६३ बाय ९० इंचाच्या गोधडीला असे २८० चौकोन लागतात. हे गणित मी तिला फोनवर सांगितलं. ‘किती गोड गं मावशी,’ म्हणाली.

तर कात्री. ‘मेरठची आहे, आयुष्यभर जाईल,’ दुकानदार सांगत होता. मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालंय हे मलाही माहीत आहे. माझ्या अंगठ्याला कुठलंच मानांकन नाही, त्याचं काय? ‘दाबून सोडली की आपोआप उघडणारी, स्प्रिंगवाली आहे का?’ मी विचारलं. ‘ती झाडं छाटायची. हार्डवेअरमध्ये बघा.’ आणि अस्वल पुढे आलं.

इथवर मी सहन केलं असतं. पण लेंग्याची नाडी घ्यायला आलेले एक गृहस्थ बाजूला उभे होते. नाडी घेऊन झाली होती, पैसे देऊन झाले होते, तरी ते उभे होते.

‘वयनीनू, खांदो दुखता मां?’

मी हो म्हटलं. तिथेच संपवायला हवं होतं त्यांनी.

‘ह्यां दुखणां न्हय. ह्यां काम सुटल्याचां लक्षण,’ असं म्हणून त्यांनी नाडी गळ्यात टाकली, दोन्ही हात मोकळे केले आणि दुकानाच्या पायरीवर ठाण मांडलं. ‘माझ्या बायलेचो खांदो असोच धरललो. डाक्टर झालो, गोळये झाले, तेल झाला. काय्येक नाय. मगे मिया काय केलंय? तिका रोज वीस नारळ सोलूक लावलंय!’

जमिनीत रोवलेल्या पहारीवर नारळ कसा आपटायचा, मनगट कसं पिळायचं, खांद्यातून जोर कसा काढायचा, हे त्यांनी साभिनय दाखवलं. गळ्यातली नाडी प्रत्येक नारळाबरोबर उडत होती. दुकानात आलेल्या दोन मुली बटणं निवडायचं सोडून बघत होत्या. दुकानदार मान डोलावत होता, जणू उद्यापासून तो नारळही ठेवणार होता.

‘मग आता कशा आहेत त्या?’ मी विचारलं.

‘आता ती मुंबयक झिलाकडे ऱ्हवता. शिमग्यापासून येवक नाय.’

कोणीच काही बोललं नाही. त्यांनी एकवार आमच्याकडे पाहिलं आणि विजयाने म्हणाले, ‘पण खांदो बरो झालो म्हणानच बॅग उचलूक जमली मां तिका!’

त्या माउलीला माझा मनापासून नमस्कार.

जाता जाता त्यांनी मलाही इलाज दिला. ‘कात्री व्हयी कित्याक? आदाळ्यार बसा. सुरमय कापता, पणस कापता, मगे कापड कित्याक कापूचां नाय?’ चीड याची येते, की यात थोडं तथ्य आहे. विळीवर पातं स्थिर असतं, बोटांना उघडझाप नाही. अंगठा दुखतो तो त्या उघडझापीनेच. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये रोटरी कटर काढला त्यातही ती उघडझाप नाहीच. पिझ्झा कापायच्या चाकासारखं गोल पातं, खाली खास चटई, वर जाड पट्टी, आणि पट्टीच्या कडेने अंगापासून लांब ढकलत न्यायचं. ४५ मिलिमीटरचं पातं सर्रास चालतं. ६० चं घेतलं तर एका वेळी जास्त थर कापले जातात. पातं बोथट झालं की मात्र जोर लागतो, आणि जोर आला की खांदा आला.

दुखतंय नक्की कुठे, हे कोणी विचारतच नाही. अंगठा दुखणाऱ्याला कटर बरा, पण तो वरून दाबावा लागतो. टेबल उंच असलं तर खांदा कानाला जाऊन भिडतो. खांदा दुखणाऱ्याला वाकड्या मुठीची टेलर कात्री बरी, कारण तिचं खालचं पातं टेबलावरूनच सरकतं, कापड आणि हात उचलावे लागत नाहीत. पण ती जड, म्हणून अंगठा ओरडतो. दोन्ही दुखणाऱ्या बाईला दुकानात अस्वल मिळतं, घरी ‘कशाला करतेस, विकत आण’ मिळतं आणि डॉक्टरांकडे ‘या वयात व्हायचंच’. हेच दुखणं एखाद्या क्रिकेटवाल्याला झालं की त्याच्या खांद्याची बातमी होते. इथे तर हातगाडीवरचा धारवाला धार लावता लावता मला विचारतो, ‘घरात दुसरं कोणी कापणारं नाही का?’ त्याला कात्री द्यायचीही वारंवार, कारण वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत पावसाळा संपेपर्यंत लोखंड तांबडं होतं. मशीनचं तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवली तरी होतं.

कटर ऑनलाइन बघितला. आमच्या पिनकोडवर ‘डिलिव्हरी उपलब्ध नाही’. हापूस आमच्याकडून जगभर जातो, पण तळहाताएवढं चाक आमच्याकडे येत नाही. शेवटी भावाच्या मुंबईच्या पत्त्यावर मागवलंय. तो रात्रीच्या बसने ड्रायव्हरकडे देईल. काळजी चटईची आहे. ती गुंडाळायची नाही, उन्हात ठेवायची नाही, उष्णतेने वाकडी होते आणि मग सरळ होत नाही. हे मी भावाला बजावलं. ‘ड्रायव्हरला सांगतो मांडीवर घेऊन बस,’ म्हणाला. आमच्या घराण्यात सगळेच विनोदी.

तोवर उंचीचा प्रश्न सोडवायला घेतला. उभं राहून कापायचं तर पृष्ठभाग साधारण कोपराच्या उंचीला हवा, म्हणजे खांदा खाली राहतो. जेवणाचं टेबल ३० इंच, त्यावर मी पार वाकते. स्वयंपाकघराचा ओटा मात्र माझ्या मापाचा निघाला. आज सकाळी मी तो रिकामा करून पुसला आणि कापडाच्या घड्या तिथे मांडल्या. तेवढ्यात हे बाजारातून पिशवी घेऊन आले.

‘अगं, मग बांगडे कुठे साफ करायचे?’

‘मागच्या दारी. विळी तिथेच आहे, नि तुमचा खांदा ठणठणीत आहे.’

त्यांनी पिशवी तशीच शेजारच्या काकूंकडे नेऊन दिली. रात्री बटाट्याची भाजी आहे.