शेवटचा कधी दिसला?

देवगडकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चार दिवसांत मी पाच-सहा वेळा वाचली. गेल्या लेखात मी माझ्या जुन्या प्रवाळ-टाकीतल्या, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातल्या, नखाएवढ्या प्राण्यांबद्दल लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, 'जे तुम्हाला स्वतःलाच महिना-महिना दिसत नाहीत ते प्राणी पाळायचे कशाला? ही नुसती मालकी सांगणं झाली. तो पॉम-पॉम खेकडा शेवटचा कधी दिसला, तेवढं सांगा. टाकी सोळा वर्षांची असो नाहीतर साठ, टाकी ती टाकीच. कातळावर वाढलेल्या माणसाला हे बघवत नाही.' तुम्हाला काहींनी उर्मट उत्तरं दिली होती, ती मी काढून टाकली आहेत. उत्तर देणं माझं काम आहे.

'टाकी ती टाकीच' हे माशांच्या बाबतीत मी लगेच कबूल करते. माझी टाकी चार फुटी, ३४० लिटरची. दिवसभर लांब-लांब पोहणाऱ्या सर्जनफिशला ती कोठडी आहे, म्हणून तो मी कधीच आणला नाही. पण तीन मिलिमीटर अंगाचा ब्रिटल स्टार घ्या. तारामाशाच्या नात्यातला, केसासारखे पाच हात असलेला. दगडाच्या फटीतून दोन हात बाहेर काढतो आणि पाण्यातले कण टिपतो. समुद्रातसुद्धा त्याचा संसार असल्याच एखाद्या दगडाच्या फटीत असतो. तो अंडी पाण्यावर सोडून देत नाही. पिल्लं त्याच्या अंगातल्या पिशव्यांत वाढतात आणि चालती होऊनच बाहेर पडतात. म्हणून बंद टाकीतही त्यांचा वंश चालतो. २००९ साली फिजीहून आलेल्या पस्तीस किलो दगडांतून ते आले, बहुधा मोजकेच. आज रात्री अकराला टॉर्च मारली की जवळजवळ प्रत्येक फटीत हात हलताना दिसतात. आज जे दिसतात ते इथे न्यू जर्सीत, आमच्या जेवणघराच्या भिंतीशी जन्मलेले आहेत.

सोळा वर्षांचा आकडा मी मिरवायला दिला नव्हता. वय महत्त्वाचं, कारण प्रश्न अन्नाचा असतो. नव्या टाकीत मीठ, पाणी आणि कोरडा दगड असतो. महिना-दीड महिन्यात अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू बसतात, चाचणीत पाणी चांगलं येतं आणि दुकानदार म्हणतो, झाली तयार. पण तोवर तयार झालेलं असतं फक्त पाणी. दगडाच्या मागच्या अंधाऱ्या बाजूवर स्पंज चढायला, सच्छिद्र दगडाच्या आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे नायट्रेट खाणारे जिवाणू रुजायला, वाळूत कोपेपॉडांच्या, म्हणजे ठिपक्याएवढ्या कवचधारी जिवांच्या, पिढ्या व्हायला फार वेळ लागतो. मँडरिन मासा दिवसभर एकेक कोपेपॉड टिपत हिंडतो. नव्या टाकीत ते काही आठवड्यांत संपतात आणि मग तो डोळ्यांदेखत खंगत जातो. माझ्याकडचा मँडरिन टाकीतच पैदास झालेला आहे आणि गेली आठ वर्षं तो हे दगड चरतो आहे. कोण आणायचं हे माझ्या आवडीवर सोडलं तर चूक होते. टाकीत आधीपासून काय पिकतंय ते बघावं लागतं, आणि पिकायला वर्षं लागतात.

या वस्तीचा चिवटपणा मला सँडी वादळात कळला. २९ ऑक्टोबर २०१२ला गेलेली वीज आमच्याकडे सहा दिवसांनी आली. टाकीला गोधड्या गुंडाळल्या, बॅटरीवरचा हवेचा पंप लावला. पाणी २५ अंशांवरून १८ वर उतरलं. दोन क्लाउनफिश गेले, निम्मी प्रवाळं गेली. तिसऱ्या रात्री टॉर्च मारली तर शेकडो ब्रिटल स्टार काचेवरून चढून पाण्याच्या वरच्या काठाशी जमले होते, जिथे थोडा तरी प्राणवायू होता. मी खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले. तोवर मी त्यांना 'दगडाबरोबर आलेले' एवढंच म्हणत असे. टाकीत इतके जीव राहतात हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. वीज आल्यावर ते आपापल्या फटींत परत गेले, आणि पुढचे दोन-तीन महिने मेलेलं, कुजलेलं सगळं त्यांनी आणि काटेरी किड्यांनी खाऊन संपवलं. पाणी नासलं नाही ते त्यामुळे.

तेव्हा 'दिसत नाहीत तर कशाला' याला माझं उत्तर असं आहे की ते मला दिसावेत म्हणून नाहीतच. नखाएवढा प्राणी दिवसाढवळ्या उघड्यावर बसला तर मला उलट काळजी वाटते. लपायला जागा आणि त्या जागेत खायला काही असलं की तो दिसत नाही. आठवड्याला पाणी बदलणं, खारटपणा मोजणं, वाफ झालेल्या पाण्याची भर घालणं, ही कामं मी ज्यांच्यासाठी करते त्यातले बहुतेक मला कधीच दिसणार नाहीत, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

आता जे मला बोचलं त्याबद्दल.

२०११ मध्ये मी एक फ्लेम स्कॅलप आणला होता. लालभडक शिंपला, कडेला झालरीसारखे लाल तंतू. 'याला काही घालावं लागत नाही,' असं दुकानात सांगितलं आणि मी ते ऐकलं. तो पाण्यातले सूक्ष्म शैवालकण गाळून खातो. माझं पाणी स्किमरनं, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्रानं, गाळून काचेसारखं केलेलं, त्यात त्याच्या पोटाला काहीच नव्हतं. असा प्राणी चटकन मरत नाही, अंगातलं साठवलेलं जाळत राहतो. पाच महिने तो आत आत आक्रसत गेला, आणि ते पाच महिने मी त्याचे फोटो लोकांना दाखवत होते. नुसती मालकी सांगणं, हे तुमचे शब्द त्या शिंपल्याच्या बाबतीत खरे आहेत. त्यानंतर मी गाळून खाणारा एकही शिंपला आणला नाही. हार्लेक्विन कोळंबीही नाही. ती फक्त तारामासे खाते, म्हणजे तिच्यासाठी दर काही दिवसांनी जिवंत तारामासा विकत आणायचा. ते माझ्याच्यानं होणार नाही.

आणि पॉम-पॉम खेकडा. तो समुद्रातून पकडलेला आहे. जगभरच्या टाक्यांसाठी वर्षाला ९० लाख ते १ कोटी अपृष्ठवंशी प्राणी विकले जातात, तेही प्रवाळं सोडून, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २००३ सालचा अंदाज होता. माझा खेकडा त्याच वाटेनं तीन वर्षांपूर्वी इथे आला. यावर माझ्याकडे बचाव नाही. त्याला आता परतही सोडता येत नाही. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिसला आणि आज कॅरिबियनभर तिथल्या माशांची पिल्लं फस्त करतो आहे. तेही टाक्यांतून सुटलेले किंवा सोडलेलेच असावेत असं मानतात. तेव्हा हा खेकडा आहे तोवर त्याला सांभाळणार, आणि दुसरा आणणार नाही. गेल्या लेखात 'जुनी टाकी असेल तर नक्की आणा' असं मी लिहिलं होतं, ते वाक्य काल काढून टाकलं.

तिकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट त्या लेखात लिहायची राहिली होती, तीही घातली आहे. भारतात प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणचा दगड घरी न्यायचा नाही. ओहोटीला गुडघाभर पाण्यात वाकून तिथेच बघायचा. देवगडच्या कातळावर तुम्ही लहानपणी ते केलं असणार. मी हाजी अलीच्या खडकांवर बाबांचं बोट धरून केलंय, आणि ही टाकी त्यातूनच आली.

राहिला तुमचा प्रश्न. तुम्ही विचारलंत त्या दिवशी खेकडा दिसून ४१ दिवस झाले होते. माझ्या वहीत तारीख आहे. हा खेकडा दोन्ही डेंग्यांत एकेक इवलं समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) धरून असतो. त्यांनी अन्न पुसून गोळा करतो, शत्रूपुढे ती नाचवतो, आणि त्यांच्या तोंडचा घास स्वतः घेऊन त्यांना लहानच ठेवतो. शेवटचा दिसला तेव्हा त्याच्या डाव्या डेंग्यात काहीच नव्हतं. एक फूल गमावलं तर खेकडा उरलेलं फूल ताणून, मधोमध फाडून त्याची दोन करतो, असं इस्रायलमधल्या संशोधकांनी लाल समुद्रातल्या खेकड्यांवर २०१७ साली दाखवलं होतं. मी ते फक्त वाचलं होतं.

मंगळवारी रात्री सव्वा वाजता लाल टॉर्च घेऊन बसले. आधी वाळूवर त्यानं टाकलेलं रिकामं कवच दिसलं, पारदर्शक, अगदी मिशांसकट. पाच-सात मिनिटांनी मागच्या स्पंजाखालून तो स्वतः आला. दोन्ही डेंग्यांत फूल होतं, आणि प्रत्येक फूल पूर्वीच्या निम्म्यानं होतं.